मेंढरांचा पत्ता

शिनोली, वैशाख

ती. हौशीराममामांना नूतनचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? काढा घेता का, की मामींची पाठ वळली की तुळशीत ओतता? आम्ही सगळे मजेत.

मोहिनीच्या लग्नात तुम्ही पाहुण्यांना सांगत होता की नूतन कॉम्प्युटर दुरुस्त करते. तसं नाही, मामा. लहान धंदेवाल्यांना काय हवंय ते मी वेबसाइट बनवणाऱ्याला सांगते आणि तो काय म्हणतो ते त्यांना समजावते. (सोयरीक जमवण्यासारखंच. जमली तर त्यांचं नशीब, मोडली तर नूतन.)

सध्याचं गिऱ्हाईक राघू मेंढपाळ. कांदे निघाले की रिकाम्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, हा त्याचा धंदा. आता लोक रासायनिक खताच्या गोण्या टाकतात, बोलावणं येत नाही. यंदा काम मिळालं नाही तर कळप विकणार, असं तो आमच्या ओट्यावर बसून म्हणाला आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून पुण्याच्या मोहितकडून वेबसाइट करून घेतली. मोहितचं एकच पालुपद, धंद्याचा पत्ता द्या. राघू म्हणाला, "ताई, मेंढरं बसतील त्यो पत्ता." शेवटी मोहितने राघूच्या फोनवरून नकाशात हलणारा ठिपका काढून दिला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही, मामा. ठिपका नदीकाठाने सरकतो, दुपारभर बाभळीखाली थांबतो, आणि मी खुर्चीत बसून त्याच्या मागे मागे चालते. घंटा ऐकू येतात, लोकरीचा वास येतो. (परवा सासूबाईंनाही वास आला. तो करपलेल्या दुधाचा होता.)

मग मोहित म्हणाला, टेस्ट म्हणून एक खोटी मागणी भरून बघा. नाव-गाव टाकल्याशिवाय पुढे जाईना, तेव्हा सुचलं ते टाकलं. मागणी पोचली आणि राघूने कळपापुढे नारळ फोडला! खरं काय ते सांगायला गेले, तर त्याची बायको भिमाबाई कोकरांना हळद लावत होती. राघू म्हणाला, "पयलं बोलावणं हाय ताई. शब्द दिलाय, आता मागं फिरायचं न्हाई." मी चहा पिऊन परत आले.

बाकी ठीक. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
नूतन

ता. क. नाव तुमचं टाकलं होतं. निमगाव सावा, विहिरीकडचं वावर.

आणखी ता. क. वावर रिकामं आहे, मामींना विचारलंय. तुम्हालाही विचारणार होते, पण तुम्ही फोन उचलत नाही.

शेवटचा ता. क. हे पत्र ज्याने हातात दिलं तोच राघू. टेस्टचं त्याच्याकडे बोलू नका. मेंढरं बांधाबाहेर उभी असतील. आधी त्यांना आत घ्या, मग माझ्यावर रागवा.