‘भोंगा’ कोण गाणार

मोशी,
२४ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
कुलदीपचा सा. न.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो आणि तुमच्या सावंतवाडीच्या घरात रेंज मिळत नाही, म्हणून कँटीनमध्ये बसून लिहितोय.

बातमी अशी की आपला ‘तिसरी पाळी’ बँड पुन्हा उभा राहतोय. प्रज्वल आठवतो ना? कॉलेजात असताना आपल्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढे उभा राहून नाचायचा. आता त्याचा पुनावळ्यात रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. त्याने आपली जुनी गाणी नेटवर टाकली आणि तुझा ‘भोंगा’ पोरांनी उचलून धरला. तो म्हणतो, सगळी गाणी नव्याने रेकॉर्ड करा, फेब्रुवारीत नाशिक, पुणे, कोल्हापूर असा दौरा काढू.

बेस गिटारला स्नेहल लगेच तयार झाली. आयटीतल्या मीटिंगांपेक्षा हे बरं, म्हणाली. ज्योतीराम महाळुंग्याच्या कंपनीतून सुटला की माळ्यावरचे ड्रम उतरवून पुसत बसतो. पण त्याची अट आहे, गाणार तर दीपमालाताई, नाहीतर राहू द्या राव. तुझं लग्न झालं आणि बँड हळूहळू विरून गेला, ते अजून त्याच्या मनात आहे. आई म्हणते, डोस्की पांढरी व्हाया लागली, आता तरी सुरात वाजवा.

दिवाळीच्या सुट्टीत येशील ना? दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
कुलदीप

---

सावंतवाडी,
३ ऑक्टोबर २०२४

चि. कुलदीप यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र शाळेत मिळालं. मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला चौथीला गणिताऐवजी गाणंच शिकवलं, यावरून काय ते समज.

पण एक गोष्ट तुम्हाला कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या वर्षी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून माझा वरचा आवाज गेलाय. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता उत्तम आहे. वर्गावर ओरडता येत नाही, त्यामुळे पोरं गप्प बसून ऐकतात, एवढाच फायदा. प्रार्थना खालच्या पट्टीत घेते. ‘भोंगा’ची शेवटची ओळ किती वर जाते, ते तुला माहीत आहे. ती चाल तूच बांधलीस.

मी नकोच म्हणणार होते. सासूबाईंनी पत्र वाचून घेतलं आणि म्हणाल्या, जा गो, जमला तर गा, नाय तर माहेरपण करून ये. म्हणून येते. आईला सांग, माझ्यासाठी करंज्या जास्त तळू नकोस, जिभेचे चोचले सध्या कमरेला परवडत नाहीत.

तुझ्या गिटारइतकीच माझ्यावर माया ठेव.

तुझी,
ताई

---

मोशी,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न.

सुखरूप पोचलीस हे दाजींच्या मेसेजवरून कळलं. शाळेचं काम निघालं म्हणून तू सकाळच्या गाडीने गेलीस. आईने ते खरं मानलं, मी नाही. ज्योतीरामच्या शेडमध्ये ‘भोंगा’ला तुझा आवाज फाटला, पुन्हा घेतला तरी फाटला, तेव्हा तू हसत होतीस. आम्हीही हसलो. हसायला नको होतं.

तू गेल्यावर आम्ही गाणं खालच्या पट्टीत उतरवून पाहिलं. गोधडीत गुंडाळून भोंगा वाजवल्यासारखं झालं. मग आमच्या लाइनवर क्वालिटीला असलेली मिनल आली. तिला ‘भोंगा’ तोंडपाठ आहे. तिने गायला, आणि ताई, शेवटची ओळ सरळ वर गेली. ज्योतीराम काठ्या ठेवून बाहेर चहा पिऊन आला आणि म्हणाला, पोरगी छान गाते, पण ताईला विचारल्याशिवाय मी वाजवणार नाही.

म्हणून विचारतो. तू नाही म्हणालीस तर विषय संपला. दौरा नाही झाला तर नाही. तुझ्याशिवाय हा बँड मला नको आहे, हे मात्र लक्षात ठेव.

उत्तर लवकर दे, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझा,
कुलदीप

---

सावंतवाडी,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. कुलदीप यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र बरेच दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आधी गळ्याचा राग आला, मग विचारलंस म्हणून तुझा. आणि मग चक्क हलकं वाटलं. त्या ओळीची धास्ती मला सावंतवाडीहून निघतानाच होती.

‘भोंगा’ मिनलने गावा. तिला सांग, शेवटच्या ओळीआधी श्वास घ्यायला थांबू नको, आधीच्या ओळीत मध्येच चोरून घे. बाकीची गाणी माझी आहेत, त्यांना हात लावायचा नाही, हेही सांग.

शिवाय एक नवं गाणं आहे, माझ्या आताच्या आवाजातलं. लग्नाआधी चाकणला कामाला होते तेव्हा कंपनीच्या बसमध्ये आम्ही बायका एकमेकींच्या खांद्यावर झोपायचो. कधी कधी शेजारणीचं नावही माहीत नसायचं. ‘शेजारणीचा खांदा’ असं नाव ठेवलंय. ड्रम अगदी हलके हवेत. ज्योतीरामला हे तूच सांग, माझी हिंमत नाही.

नाताळच्या सुट्टीत रेकॉर्डिंगला येते. सर्वांवर माझी माया आहे, तुझ्यावर जरा जास्तच.

तुझी,
ताई

---

सावंतवाडी,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
दीपमालेचा सा. न.

गुडघ्यांमुळे तुला दौऱ्यात कुठेच येता आलं नाही, म्हणून सगळं लिहून कळवते. कुलदीपकडून वाचून घे, आणि तो मध्ये स्वतःचं कौतुक घालेल ते सोडून दे.

नाशिकला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. तरी जे आले ते शेवटपर्यंत बसले. पुण्याला उभं राहायला जागा नव्हती. कोल्हापूरला तुझे जावई आणि माझ्या सासूबाई आल्या होत्या. सासूबाई कानात कापूस घालून पहिल्याच रांगेत. ‘शेजारणीचा खांदा’ सुरू झाला तेव्हा त्यांनी तो काढला. ज्योतीरामने इतकं हळू वाजवलं की स्नेहलने दोनदा मागे वळून पाहिलं. गाणं संपल्यावर आधी टाळ्याच आल्या नाहीत, मला वाटलं पडलं. मग आल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

त्यानंतर मिनलचा ‘भोंगा’ होता. मी स्टेजवरून उतरले आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. वाटलं होतं, ऐकवणार नाही. पहिलं कडवं पदराशी चाळा करत ऐकलं. मग ती वर गेली, अख्खं सभागृह उठून तिच्याबरोबर गाऊ लागलं, आणि मी पण उठले. आई, इतकी वर्षं मी ते गाणं गायले, पण समोर बसून कधी ऐकलंच नव्हतं. चांगलं आहे गं.

गुडघ्यांना जप. माझी आठवण काढत राहा.

तुझी,
दीपमाला