खाटिकाची अंगाई

ता. ३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू दिलेला जुना कॅमेरा माझ्या कपाटात धूळ खात पडेल, असं तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास. ते खोटं ठरलं, हे कळवायला हे पत्र. फोन केला असता, पण मी फोनवर बोलायला लागले की आई पलीकडच्या खोलीत रेडिओ बारीक करते आणि मग दिवसभर माझ्या बोलण्यातल्या चुका काढत बसते.

सकाळी सहाला निघते, बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या माळावर जाते आणि साडेआठला घरी येते. दुपारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात असते तेव्हा शेजारच्या शिवणवाल्या बाई आपलं काम घेऊन आईपाशी बसतात, पण सकाळी त्यांना जमत नाही. आई वॉकर घेऊन रस्त्यावर जायची भीती, म्हणून मी बाहेरून कडी घालून जाते. मी काय गुरंढोर आहे का, असं ती विचारते. गुरं इतकं बोलत नाहीत, असं मी तिला सांगते. असो.

त्या माळावर बघण्यासारखं काही नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. परवा तासभर उकिडवी बसले, तेव्हा ते ‘काही नाही’ हळूहळू हलायला लागलं. आधी एक ससा, मग दवाने जड झालेलं कोळ्याचं जाळं, मग ऊन. ऊन येतं म्हणजे काय होतं, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. एकेक गवताचं पातं जणू नाव घेऊन उठवलं जातं. मी एकटीच मोठ्याने हसले.

आणि मग खाटीक दिसला. करड्या पाठीचा, डोळ्यांवरून काळी पट्टी, चिमणीहून जरासा मोठा पक्षी. तो शिकार काट्याला टोचून ठेवतो, हे पुस्तकात वाचलं होतं. इथे बाभळीच्या झुडपात प्रत्यक्ष पाहिलं: तीन टोळ आणि एक लहान पाल, प्रत्येकाला वेगळा काटा. मी धडाधड फोटो काढले. घरी आल्यावर मोठे करून पाहिले, तर पहिल्या दोन फोटोंत पालीचा पाय वेगवेगळ्या जागी आहे. म्हणजे ती जिवंत होती आणि मी फोकस लावत होते. हे वहीत टिपून ठेवलं आहे. त्यातून काय निघतं ते अजून समजलेलं नाही.

त्याच झुडपात छातीच्या उंचीवर घरटं आहे. मादी अंड्यांवर बसते. सोबत सहा फोटो पाठवते. जपून हस.

तुझ्या बायकोला सांग, तिचं पत्र मिळालं. माया आहेच, ती आटू देऊ नका.
तुझी,
ताई

ता. ८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहाही फोटो पाहिले. पहिल्यात काड्या आहेत, दुसऱ्यात काड्या आहेत, तिसऱ्यात काड्यांमागे एक डोळा आहे. चौथ्यात तुझं बोट आहे, ते मात्र लख्ख आलंय. कार्यालयात फिरवले. आमचा मांडणी करणारा म्हणाला की पक्ष्याला लपायची जी कला आहे ती बाईंनी उत्तम टिपली आहे.

आता गंभीरपणे. तुझी जागा सोन्यासारखी आहे. छातीच्या उंचीवर, पूर्वेला उघडा माळ, माणसांची ये-जा नाही. असं घरटं मिळावं म्हणून लोक महिनोनमहिने भटकतात. पिल्लं निघाली की घरट्यासमोरची फांदी बाजूला वाकवून सुतळीने बांध. अर्ध्या तासात काम उरक आणि फांदी सोडून दे. सगळे असंच करतात.

तुला म्हणून सांगतो, गेली दोन वर्षं आमच्या दिनदर्शिका गोदामात पडून राहिल्या. डोंगर, धबधबा, डोंगर. यंदाही मुखपृष्ठ पडलं तर छायाचित्र विभाग बंद करू, असं संपादकांनी स्पष्ट सांगितलंय. विभाग म्हणजे मी आणि एक खुर्ची. बायकोला अजून बोललो नाही. तेव्हा ताई, काड्या पुरे.

आईला नमस्कार. थट्टा मनावर घेऊ नकोस, लोभ तेवढा ठेव.
तुझा,
धाकटा

ता. १९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

चार पिल्लं आहेत. उघडी, गुलाबी, अंगापेक्षा तोंडंच मोठी. आई म्हणाली की तू असाच होतास.

परवा रविवारी ग्रंथालय बंद होतं, म्हणून सातला जाऊन एकपर्यंत थांबले. खरं ते सांगते. बाभळीची फांदी वाकेना. काटे हाताला लागले, सुतळी निसटली. शेवटी दोन फांद्या कापल्या. घरट्याला धक्का लागला नाही. मादी वीस मिनिटांत परत आली, तेव्हा मला हायसं वाटलं.

पुढचं मला नीट लिहिता येणार नाही. तासामागून तास ती येत होती, भरवत होती, जात होती आणि मी अंगाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. मला वाटतं, मी आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते. तिथे मी कुणाची ताई नव्हते, कुणाची मुलगी नव्हते, पुस्तक उशिरा आणणाऱ्यांवर डोळे वटारणारी बाई नव्हते. नुसते दोन डोळे होते. बाराच्या सुमारास ती घरट्याच्या काठावर उभी राहिली, दोन्ही पंख छत्रीसारखे पसरले, चोच उघडली आणि तशीच राहिली. पंखांतून ऊन आरपार जात होतं. खाली चार डोकी. मला वाटलं ती गाते आहे. आवाज काही आला नाही, पण मी लांब होते.

तो फोटो सोबत आहे. बोट कुठेही नाही.

आईला रविवारपासून कणकण आहे, त्यामुळे माळावर जाणं झालेलं नाही. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस, म्हणजे झालं.
तुझी,
ताई

ता. २४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू जिंकलीस! संपादकांनी फोटो टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या माणसाला मी अकरा वर्षांत गहिवरलेलं पाहिलं नव्हतं. मुखपृष्ठ ठरलं. खाली एकच शब्द, ‘अंगाई’. तो मी सुचवला. तुझं नाव आतल्या पानावर ठळक येईल. छपाई वीस मेला सुरू होते.

डाव्या कडेला कापलेल्या फांदीचा पांढरा बुडखा दिसत होता, तेवढा कातरला आहे. बायकोला आता सगळं सांगितलं. आधी रडली, मग तू काढलेला फोटो आरशाला लावला. तिची आणि माझी झोप तू परत आणलीस.

आईचा ताप उतरला का? कळव. असाच आशीर्वाद राहू दे.
तुझा,
धाकटा

ता. २ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. तो फोटो छापू नकोस.

आईचा ताप शनिवारी उतरला आणि त्याच सकाळी मी माळावर गेले. चारही पिल्लं घरट्यात मेलेली होती. वाळून चपटी झालेली, मुंग्या लागलेल्या. मादी टोळ घेऊन आली, काठावर बसली, आत पाहिलं, टोळ शेजारच्या काट्याला टोचला आणि गेली. मी तिथे अर्धा तास होते, तेवढ्यात तिने तीन टोळ टोचून ठेवले. काहीतरी रोग आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तुला लिहिणार होते. चार दिवसांनी तुझं पत्र आलं, बायको रडली ते वाचलं आणि मी गप्प बसले. आठवडाभर गप्प बसले, हे माझ्या नावावर लिहून ठेव.

परवा प्राणिशास्त्राचे सर ग्रंथालयात आले. फोटो माझ्या टेबलावर होता. त्यांनी पाहिला आणि एवढंच विचारलं की तेव्हा वाजले किती होते. बारा, असं मी सांगितलं. ते मान हलवून पुस्तकं शोधायला गेले. मीच मागे जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी अवघडून सांगितलं. पंख नसलेल्या पिल्लांना ऊन सोसत नाही. आई पंख पसरून सावली धरते. चोच उघडी आहे कारण ती धापा टाकते आहे. ती सावली खरं तर फांदीने धरायची असते, असंही म्हणाले. फांदी मी कापली, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं.

ती गात नव्हती. मी एक तास समोर बसून तिची तडफड पाहिली आणि सुखी झाले. त्याला अंगाई म्हणून लोकांच्या भिंतीवर टांगू नकोस. तुझी अडचण मला समजते. दुसरा फोटो काढून देते, म्हणशील तिथे जाते. पण हा मागे घे. तुला जमत नसेल तर संपादकांना मी स्वतः लिहीन.

रागावलास तरी लोभ टिकव.
तुझी,
ताई

ता. ७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो मागे घेणार नाही. पानं छपाईसाठी जुळली आहेत.

मादी धापा टाकते आहे, हे मला लिफाफा उघडला तेव्हाच दिसलं होतं. वीस वर्षं मी हेच करतो. म्हणून तर चित्र चांगलं आहे. ती आरामात असती तर नुसती बसली असती, आणि नुसत्या बसलेल्या पक्ष्याला कोण बघतं? पिल्लं निम्मी अशीही मरतात. साप खातो, कावळा खातो. यंदा तू खाल्लीस. वाकव म्हणून मी सांगितलं होतं, कापलीस तू. आणि आता शुद्ध व्हायची हौस तुझी, नोकरी माझी.

तुझं नेहमीचंच आहे. आधी करायचं, मग वहीत लिहायचं, मग वहीकडे बघून स्वतःला बरं वाटून घ्यायचं. ज्याचं नुकसान झालं त्याला त्या वहीचा काय उपयोग?

आणखी एक. मागच्या आठवड्यात फोन आईने उचलला, तू बाजारात होतीस. त्या रविवारी तुला एक वाजला ना? बाहेरून कडी होती. पाण्याचा तांब्या तू टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला होतास आणि वॉकर दाराशी. ती सहा तास खुर्चीत होती. ताप कशाने आला, ते तुझ्या सरांना विचार. आईने मला शपथ घातली की तुला बोलायचं नाही, ताईला वाईट वाटेल म्हणून. संपादकांना लिहायचंच असेल तर हेही लिही. चार पिल्लांसाठी कळवळणाऱ्या बाईंचं घरही त्यांना दिसू दे.

बाकी क्षेम. आम्हा दोघांवर लोभ असेल तर लिहिणार नाहीस.
तुझा,
धाकटा

ता. १९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी संपादकांना लिहिलं. दोन्ही लिहिलं. फांदीचं आणि कडीचं. तू घातलेली भीती माझ्यापाशी ठेवून मला ते पत्र लिहिता आलं नसतं, म्हणून आधी कडीचंच लिहिलं. तुझं नाव एकाच ठिकाणी आलं. बुडखा कुणी कातरला, असं ते विचारणारच होते.

त्यांचं उत्तर आज आलं. साडेतीन ओळींचं आहे. फोटो काढून टाकला आहे. मुखपृष्ठावर डोंगर येईल. विभागाबद्दल तुझ्याशी ते स्वतः बोलतील. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत बोलले असतील. तुझ्या बायकोने आरशावरचा फोटो काढला असेल, किंवा नसेल.

हे मी पाखरांसाठी केलं का, असं मी रोज स्वतःला विचारते. पाखरं तर गेली. तू मला मारलंस म्हणून मी तुला मारलं का? तुझं पत्र वाचून मी लगेच, त्याच टेबलावर, उभ्याने लिहायला घेतलं होतं. एकही शब्द खोडावा लागला नाही. तेवढ्यावरून मला उत्तर माहीत आहे असं वाटतं.

आईला मी विचारलं. तिला वाईट वाटलं, पण माझ्यामुळे नाही, तू शपथ मोडलीस म्हणून. सहा तास काही झाले नसतील, साडेपाच असतील, असं म्हणाली. आता मी सकाळी कुठे जात नाही. कॅमेरा पार्सलने परत पाठवला आहे. तो विकलास तरी चालेल, तुला गरज पडेल.

एक गोष्ट आईने तुला सांगितलेली नाही. ती मी संपादकांनाही लिहिली नाही, म्हणजे अगदीच सगळं लिहिलं असं नाही. त्या रविवारी मी कडी काढून आत आले, तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने पाणी मागितलं. तांब्या माझ्या हाताशी होता. मी धावत आले होते, अंगभर आनंद मावत नव्हता. आधी हे बघ, असं म्हणून मी तिच्यासमोर कॅमेरा धरला. तिने पाहिलं. छान आहे गं, असं म्हणाली. मी विचारलं की पंख दिसतात का नीट. दिसतात, असं म्हणाली. मग तिने पुन्हा पाणी मागितलं.

उत्तर पाठवलं नाहीस तरी मी लिहीत राहीन. लोभ मागायचा हक्क उरला असेल, तर मागते.
तुझी,
ताई