गाडीवरचा तांबडा धुरळा

शुभंकर,

काल तुझा मोबाईल लागेना म्हणून हडपसरच्या ऑफिसात फोन केला. तुमच्या अख्ख्या टीमला मार्चमध्येच काढलं म्हणे. म्हणजे रोज डबा घेऊन तू घाटात हिंडतोस. गाडीवरचा तांबडा धुरळा हडपसरचा नाही, एवढं मला कळत होतं. पण शेजारच्या सीटवर दुसरी कुणी असेल, असं मी धरून चालले होते. काल किती दिवसांनी गाढ झोपले.

आज टाय लावू नकोस, आयकार्डही राहू दे. मी रजा टाकली आहे आणि किल्ली घेऊन खाली गाडीत बसले आहे. वरंधा की ताम्हिणी, ते तू सांग. डबा दोघांचा केलाय.

श्रद्धा,
तुझी एकुलती एक बायको