आवाजाची परवानगी

१२ जानेवारी

ती. वहिनी,

सा. नमस्कार. मी धडधाकट आहे, जेवणाची आबाळ नाही. ती काळजी आधीच सोडा. छकुलीची परीक्षा कशी झाली? फोनवर ती नुसतं "बरी" म्हणते. तिच्या "बरी"चा अर्थ तिची आईच सांगू जाणे.

बातमी अशी, की आपलं यंत्र एकदाचं प्रयोगशाळेबाहेर पडलं. गळ्याला पट्टी बांधायची, ओठ हलवायचे, की छातीवरच्या डबीतून बोलणं ऐकू येतं. दादाच्या वेळी त्याच यंत्राने अर्धं टेबल अडवलं होतं.

शोधनिबंध छापून आला की आपलं काम संपलं, असं मी धरून चाललो होतो. विद्यापीठाच्या उद्योजकता केंद्रातल्या मार्गदर्शक बाईंनी माझी झोप उडवली. बाईंनी स्वतः कारखाना चालवलाय. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आलेख नंतर दाखवा. हे गळ्यात घालून भाजी आणायला कोण जाणार, ते सांगा." मग त्यांनी मला इस्पितळात पिटाळलं, स्वरयंत्र काढलेल्या माणसांना भेटायला. पेटंटचा अर्ज, डबी लहान करून देणारा अभियंता, कंपनीची नोंदणी, सगळं केंद्राने जुळवून दिलं. माझ्या एकट्याच्याने ते यंत्र टेबलावरून हललं नसतं.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा बाहेरच्या माणसाने ते वापरलं. बसचा कंडक्टर. समोर त्याची बायको. त्याने ओठ हलवले आणि डबी म्हणाली, "अगं, रडतेस काय? चहा सांग ना!" सगळे हसले. मार्गदर्शक बाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मी मात्र खोलीतून उठून गेलो.

वहिनी, मघापासून इकडचं तिकडचं लिहितोय. डबीतला आवाज दादाचा आहे.

घशाच्या ऑपरेशनच्या आधी तो माझ्यासमोर बसून पानंच्या पानं वाचायचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. "कुणाच्या तरी कामी येईल रे," म्हणायचा. तोच आवाज आम्ही यंत्रात घातला. त्याच्यासाठीच घातला होता. यंत्र त्याच्या हयातीत उभं राहिलं नाही, एवढंच.

आता केंद्राचे वकील विचारतात, "हा आवाज कुणाचा?" दादाची संमती संशोधनापुरती होती. विकायचं म्हटलं तर घरच्यांची परवानगी हवी, म्हणजे तुमची. बाईंनी मला बजावलंय, "त्यांना गळ घालायची नाही. नको म्हणाल्या तर दुसरा आवाज शोधू. उशीर झाला तर होऊ दे."

अनोळखी माणसं दादाच्या आवाजात भांडतील, भाव करतील, कुणाला तरी लाडाने हाक मारतील. उद्या बाजारात तुमच्या पाठीमागून तो आवाज आला तर?

तुम्ही नको म्हणालात, तरी तुमचाच,
धाकटा


२० जानेवारी

भाऊजी,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचल्यावर मी तुमच्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. परक्या माणसाने ह्यांचा आवाज ऐकला आणि मला पत्ता नाही! मग राग ओसरला.

शेवटी शेवटी हे पाटीवर लिहायचे. पण मी ओट्याशी पाठमोरी असले की पाटी कोण बघणार? मग भांडं आपटायचे. मला वाटायचं, चिडलेत. मीही चिडायचे. हवं असायचं नुसतं घोटभर पाणी. त्या कंडक्टरच्या बायकोवर ती पाळी येऊ नये.

आवाज द्या. मी ऐकायला येणार नाही, इतक्यात तरी नाही. छकुलीला यायचंय. तिला एकटीला ऐकवू नका, शेजारी बसा.

सहीचा कागद पाठवा. ह्यांनी त्यांच्या वाटणीचं केव्हाच देऊन टाकलं होतं. आता मी माझ्या वाटणीचं देते आहे.

तुमची,
वहिनी