ड्रममधलं न दिसणारं पाणी

३ मार्च, मंगळवार
बॅच बिघडली. चार तासांत होते ती, नऊ तास झाले तरी होईना. उतरवली तर माल तपकिरी, चिकट. त्रिवेदीसाहेबांनी फोरमला सगळ्यांदेखत झापलं. फोरम आमची केमिस्ट, भरूचची, नोकरीला आठच महिने झालेत. मी खाली मान घालून नळी धूत राहिले.

४ मार्च
त्या बॅचला ड्रम मी दिला होता. लिहूनच टाकते. माल ज्यात विरघळवतात ते डीएमएफ, एकदा वापरलेलं, साफ करून परत वापरायला घेतात, त्या ड्रमांच्या रांगेतला. आधी अकरा वर्षं मी टोल्युइनवर होते, तेही विरघळवायचंच, पण वेगळं. त्यात पाणी असलं की तळाला वेगळं बसतं. बाटलीत थोडं काढायचं, उजेडात धरायचं. थर नाही — म्हणजे चांगलं. इथेही तसंच केलं. थर नव्हता. 'घ्या' म्हटलं.

५ मार्च
फोरमला काढणार म्हणतात. तिला डब्यातले थेपले दिले. विचारलं, "ह्यात पाणी खाली का बसत नाही गं?"
"डीएमएफमध्ये पाणी पूर्ण मिसळतं, मासी. दिसणारच नाही."
"मिसळलं तर मिसळलं. बिघडतं काय?"
"आपल्या मालाला दोन हात आहेत समजा. कोरड्या डीएमएफमध्ये उजवा मोकळा. त्यानेच धरतो, पटकन. पाणी आलं की ते उजव्याला बिलगून बसतं. मग डावा पुढे येतो. उशिरा, आणि जोडतो भलत्याच ठिकाणी."
खाता खाता थांबली. "तुम्हाला कशाला हवंय हे?"
मी डबा झाकला.

६ मार्च
साहेबांच्या दारापर्यंत गेले, परत फिरले.

७ मार्च
बोलले तर नोकरी जाईल. नोकरी गेली की खोली जाईल, कारखान्याचीच आहे. नवरा अंथरुणात. "जशु, दार लाव, वास येतो," म्हणतो. लावलं तरी येतो. दिवसभर कोणी उजव्या हाताला लटकल्यासारखं वाटतं. साधी नळी जोडायला तीन खेपा लागतात.

९ मार्च, सोमवार
साहेबांकडे गेले. म्हटलं, ड्रम मी पाहिला होता.
त्यांनी कागद दाखवला. "फोरमने शनिवारीच लिहून दिलंय. ड्रम तिने तपासला, चूक तिची. जा, कामाला लागा."
म्हणजे तिला कळलं होतं. थेपल्यांच्या दिवशीच!
"खोटं आहे ते," म्हटलं.
"मग तुम्ही लिहून द्या, बेन."
पेन मागितलं. चार ओळींना अर्धा तास लागला.

१० मार्च
भांडी बांधली. रविवारपर्यंत खोली सोडायची. सातच्या पाळीला फोरम आत गेली. फाटकातून वळून ओरडली, "मासी!" मी हात वर केला. उजवा.