तिसरी नळी

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
२४ जानेवारी २००४

प्रिय मृणाल,

फोन केला नाही, कारण फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि हे दिवसभर तिथेच बसलेले असतात. बाहेर गुडघाभर बर्फ आहे. घाईत लिहितेय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेसनी असली वही परत फेकली असती. आठवतं, वक्तृत्वाच्या दिवशी स्टेजवर जायच्या आधी मी सगळं भाषण व्हरांड्यात तुला म्हणून दाखवायची? तू मधे बोलायची नाहीस, नुसती माझा हात धरून ठेवायचीस. आजही तेवढंच कर.

आमच्या निमिषने दिवाळीनंतर तळघरातला जुना बॉयलर काढून नवा बसवला. त्याचं गरम पाणी सगळ्या खोल्यांतून फिरतं, तेव्हा कुठे घर उबदार राहतं. हे केवढे खूश! साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये उभा जन्म गेलेला माणूस. पाइप जोडले जात होते तेव्हा स्टूल टाकून शेजारीच बसले होते. संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर चित्र काढून निमिषला शिकवणी. ही गरम पाणी नेणारी नळी, ही गार झालेलं परत आणणारी. यांची अदलाबदल झाली तर घर नीट तापणार नाही, बाकी काही नाही. पण ही तिसरी, सेफ्टी व्हॉल्व्हची, हिचं तोंड जमिनीकडे आणि कायम उघडं. आत दाब फार वाढला तर पाणी इथून बाहेर पडतं. "ही रोजच्या कामाची नाही रे, ही जिवाची आहे. हिला बूच मारलंस तर घरात बॉम्ब ठेवलास." मला हसू आलं. कॉलनीत नवी सून आली की हे तिला कुकर दाखवून हेच सांगायचे, शिट्टीवर काही ठेवाल तर याद राखा! तुलाही सांगितलं होतं, आणि तू माझ्याकडे राहिलीस तोवर कुकरला हात लावला नाहीस.

गेल्या आठवड्यात ती तिसरी नळी गळायला लागली. निमिषने खाली बादली ठेवली, सवडीने माणूस बोलवतो म्हणाला. गुरुवारी दुपारी मी कपडे धुवायला तळघरात गेले. बादली कोरडी, पालथी घालून ठेवलेली. बरं वाटलं क्षणभर. मग नळीकडे लक्ष गेलं. तोंडाला पितळी बूच, पांढरी टेप गुंडाळून घट्ट बसवलेलं. इतकं नीटनेटकं की कुणाचा हात ते विचारायलाच नको. आणि दाब दाखवणाऱ्या, घड्याळासारख्या त्या तबकडीवरचा काटा लाल पट्ट्यात. मृणाल, वर माझी दोन वर्षांची नात, हर्षिता, झोपली होती. कशी जिना चढले देव जाणे. जिन्याच्या तोंडाशी असलेलं बॉयलरचं लाल बटण बंद केलं, पोरीला ब्लँकेटात गुंडाळलं, यांना हाताला धरून ओढत बाहेर बर्फात नेलं.

"अगं, काय झालं काय? भूकंप?" हे हसत होते.

मी विचारलं, "ते बूच तुम्ही लावलंत?"

"मग कोण? रात्रंदिवस टपटप टपटप. पाणी वाया चाललेलं मला बघवत नाही."

"पण ती नळी बंद करायची नसते ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहान मुलासारखं, निर्मळ. "का गं? काय होतं?"

मी शेजाऱ्यांकडून निमिषला फोन केला. तो येईपर्यंत बॉयलर निवला होता. काल माणूस येऊन व्हॉल्व्ह बदलून गेला. पण त्या संध्याकाळी निमिषने बूच कुणी लावलं विचारलं, आणि मी पटकन म्हणाले, मी. "आई, आर यू क्रेझी? घर उडालं असतं!" राधिका आपल्या लेकीला घट्ट धरून बसली. आणि हे मान हलवत म्हणाले, "जाऊ दे रे, बायकांना काय कळतं बॉयलरमधलं!" ते मला वाचवत होते गं. त्यांना खरंच वाटत होतं की मीच लावलं.

सोमवारपासून राधिका कामावर परत जाणार. दिवसभर हर्षिता आमच्याकडे. मी न्हाणीघरात असेन, नाहीतर डोळा लागेल, आणि हे उठून कुठलीतरी गळती थांबवायला जातील. मी खोटं बोलले ते त्यांची आब राखायला. पण आता खोटं म्हणजे तेच बूच.

तुझ्या भाऊसाहेबांचं असंच विसरणं सुरू झालं तेव्हा तू मुलांना त्यांच्या वडिलांबद्दल कसं सांगितलंस, हे विचारायला पत्र घेऊन बसले होते. पण तुझं उत्तर यायच्या आत सोमवार येईल. तेव्हा उत्तर नको. मला फक्त ते वाक्य आधी तुला म्हणून दाखवायचं होतं, व्हरांड्यात म्हणायची तसं. बूच मी नाही, बाबांनी लावलं, निमिष. आणि ते का लावायचं नसतं हे त्यांना आता माहीत नाही. बघ, म्हणता आलं. खाली गाडीचा आवाज आला, निमिष आलाय. माझा हात धरून ठेव, मी जिना उतरते.

तुझीच,
शैलजा