सात किलोंचे बिऱ्हाड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, लग्न न केलेली, पूर्वीचा व्यवसाय कारखान्यांतले वजनकाटे तपासून दाखला देणे, आज पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे लिहून ठेवत आहे. राग आहे म्हणजे शुद्ध हरपली असे उद्या कोणी कोर्टात म्हणू नये, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचे दडपण नाही ना, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, आहे, पण ते तीस वर्षांचे जुने आहे. यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केले होते, धाकट्या भावाच्या नावाने, विमान उशिरा सुटणार म्हणून बसल्या बसल्या. ते रद्द समजावे.

१. चौथ्या मजल्यावरचे हे घर, म्हणजे पुढची खोली, आत तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या स्वकष्टाचे आहे. वडिलोपार्जित त्यात एक खिळाही नाही. घेतले तेव्हा गॅलरीलगतची खोली माझी असे ठरले होते. भिंतींचा फिकट पिवळा रंग मी निवडला होता. मग भावाने नवे दुकान काढले आणि माल ठेवायला ती खोली दोन महिन्यांपुरती मागितली. मी तेव्हा महिन्यातले बावीस दिवस विमानात नाहीतर परक्या गावात असे. देऊन टाकली. दुकान वर्षभरात बसले. खोकी राहिली. त्यांच्या जोडीला आता चालायचे यंत्र आले आहे, ज्यावर कोणी चालत नाही, टॉवेल वाळतात. ते दोन महिने अजून संपायचे आहेत.

२. माझी चूकही इथे नोंदवते, नाहीतर हे सगळे एकतर्फी होईल. विमानात हातात न्यायच्या बॅगेला सात किलोंची मर्यादा असे. त्यातले दीड किलो माझ्या पितळी वजनांच्या पेटीचे. ती मोठ्या सामानात टाकता येत नसे, कारण एकदा आदळली की त्या वजनांचा भरवसा गेला. उरलेल्या साडेपाच किलोंत मी राहायची. बॅग काट्यावर ठेवून दर फेरीला काहीतरी कमी करायची. कंगवा अर्धा कापला. पुस्तकाची वाचून झालेली पाने फाडून टाकू लागले. चपलांचा दुसरा जोड गेला, मग आरसा गेला. हीच खोड घरात आली. परतल्यावर कपडे धुवायचे, वाळवायचे, पुन्हा बॅगेत. कपाटातला माझा खण रिकामाच दिसे, म्हणून सहाव्या वर्षी भावजयीने त्यात पडदे ठेवले. मी मूग गिळून बसले. पाहुणे आले की ती कौतुकाने सांगे, "आमच्या ताईंचं बिऱ्हाड सात किलोंचं!" पाहुणे हसत. मीही हसायची, आणि ते हसणे आता जास्त लागते.

३. शेवटच्या फेरीहून आले तो दिवस. दारात बूट काढत होते. भावाने वर्तमानपत्रातून डोके न काढता विचारले, ताई, पुढची फेरी कधी? मी म्हटले, फेऱ्या संपल्या, निवृत्त झाले. भावाने वर्तमानपत्र खाली ठेवले. मग भावजय म्हणाली, "मग ताई, तुम्ही झोपणार कुठे?"

तिने वाकड्यात शिरून विचारले नव्हते. तिला खरोखरच काळजी पडली होती, हे मी मान्य करते. म्हणूनच ते काळजात घुसले. त्या दिवसापासून आज दोन वर्षे मी पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपते, गळ्याला विमानातली उशी लावून. विमानात मला निदान जागेचा नंबर होता.

४. माझ्या मागे या घराची संपूर्ण मालकी माझ्या भाचीकडे, म्हणजे या भावाच्या एकुलत्या एका मुलीकडे जावी. बँकेतली ठेवही तिचीच. कारण त्या दिवशी ती एकटीच आतून उशी घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, माझ्या पलंगावर ये. मी खाली झोपते." मी ताठ्याने नको म्हटले, मला सवय आहे म्हटले. तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कपाटातला वरचा खण रिकामा केला. तोही मी वापरला नाही. माझी बॅग दाराशीच उभी राहिली. भाची रोज येता-जाता तिच्याकडे पाहते.

५. भाऊ व भावजय यांना या घरात हयातीपर्यंत राहण्याचा हक्क देत आहे. हा हक्क पुढच्या खोलीपुरता, सोफ्यापुरता आहे. प्रत्येकी सामान सात किलो. बॅग दाराशी, चाके भिंतीकडे. भाचीला त्यांची दया येईल. तिने ती जरूर करावी, पण वर्षभराने.

६. पितळी वजनांची पेटी भावाला. कोणाकडून काय घेतले आणि कोणाला काय दिले, हे त्याने एकदा तरी तोलून पाहावे. वजनांना उघड्या बोटांनी हात लावू नये.

७. गळ्याची उशी, डोळ्यांवरची पट्टी आणि कानांतले बोळे भावजयीला. सोफ्याचा डावा हात उंच आहे, म्हणून उशी उलटी लावावी, जाड बाजू हनुवटीखाली. मान आखडत नाही. बोळे भावाच्या घोरण्यासाठी.

८. माझ्या फेऱ्यांवर विमान कंपनीकडे साठलेले, फुकट तिकिटाला चालणारे मैल कोणालाच मिळणार नाहीत. त्यांच्या नियमात मैल माणसाबरोबर मरतात. तसेही भाऊ आणि भावजय त्यातून तीनदा सुट्टीला जाऊन आले आहेत. तिन्ही वेळा त्यांच्या बॅगा मी भरून दिल्या.

भाचीला आता नोकरीनिमित्त उडावे लागते. तिच्यासाठी हे लिहून ठेवते. कपडे घडी न घालता गुंडाळावेत. सर्वांत जड बूट पायात घालावेत. बाटली रिकामी न्यावी आणि तपासणी झाल्यावर भरावी. जागा कडेची मागावी, कारण खिडकीशी बसले की उठताना दोघांची माफी मागावी लागते, आणि माफी मागण्यात एका बाईचे आयुष्य गेले तेवढे पुरे. शाल वर न ठेवता मांडीवर ठेवावी. नाड्या सैल कराव्यात, तासातासाला टाचा उचलाव्यात. उतरताना कानांना दडे बसतात, तेव्हा काहीतरी चघळावे. आणि मला जी सूचना कोणी दिली नाही ती अशी की घरी आल्यावर बॅग त्याच दिवशी, अगदी तळापर्यंत रिकामी कर. उद्यावर टाकू नकोस. मी टाकली होती.

९. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत गॅलरीलगतची खोली मोकळी करावी. खोकी आणि यंत्र भावाने स्वतः उचलावे, माणूस लावू नये. माझी बॅग तिथे नेऊन भाचीने उघडावी आणि आतले सगळे कपाटात लावावे. तीन सदरे, दोन विजारी, स्वेटर, शाल, अर्धा कंगवा. फार वेळ लागणार नाही. वर्षभर ते तसेच राहू द्यावे. रिकामी बॅग माळ्यावर टाकावी.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई करतील. त्यांना भावाची भीड पडत नाही. शाळेत तो त्यांच्याच वर्गात होता.

खाडाखोडीबाबत: वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. पहिल्या साक्षीदार याच शिक्षिकाबाई. दुसरे साक्षीदार चौकातले बॅगा दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. त्यांनी माझ्या बॅगेची चाके पाच वेळा बदलली आहेत आणि मला या घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त वेळा जाताना पाहिले आहे. सहीसाठी पेन उघडून ते थांबले. म्हणाले, "ताई, मेल्यावर ती खोली घेऊन तिथं राहणार कोण?"

मला भयंकर राग आला. त्यांच्यावर नव्हे.

सबब कलम ९ मधील "माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत" हे शब्द खोडले असून त्या जागी "आज संध्याकाळपर्यंत" असे वाचावे. "भाचीने" खोडून "मी स्वतः" आणि क्रियापद त्याप्रमाणे वाचावे. "वर्षभर" खोडून "मी आहे तोवर" असे वाचावे. खाडाखोड माझ्या हातची आहे आणि प्रत्येक ठिकाणी मी सही केली आहे. मृत्युपत्र जिवंतपणी लागू होत नाही, हे मला शिक्षिकाबाईंनी सांगितले. म्हणून या एका कलमाची वेगळी प्रत भावाच्या हातात दिली आणि पोच घेतली. त्याने सही करताना विचारले की ताई, खोकी ठेवू कुठे? मी सोफ्याकडे बोट दाखवले.

सही: लिहून ठेवणारी, मोठी बहीण

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या शिक्षिकाबाई
साक्षीदार दुसरे: चौकातले बॅगवाले

ठिकाण: माझे घर
दिनांक: ९ मार्च, दुपारचे बारा. संध्याकाळ म्हणजे साडेसहा समजावी.